वाणगावचं वेळापत्रक

वाणगावला गाडीतून उतरा आणि पश्चिमेकडे चालू लागा. फक्त साल थोडं मागचं धरू: वीस हजार वर्षांपूर्वीचं. फलाट नाही, रूळ नाहीत, मिरचीच्या गोणी नाहीत. चिंचणीचा किनारा जिथं यायला हवा, तिथं समुद्रही नाही. चालत राहा. आज मुंबई हायच्या तेलविहिरी ज्या पाण्यात उभ्या आहेत, तो पट्टाही कोरडा आहे. किनारा त्याच्याही पलीकडे. पृथ्वीचं पाणी ध्रुवांकडच्या बर्फात अडकलंय आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेलाय. पाऊस पडतो, पण मोसमी वाऱ्यात जोर नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून झाडांपेक्षा गवताची चलती. एवढं मोठं माळरान आज अरबी समुद्राच्या तळाशी आहे.

शाळेच्या वहीत आपण दोन रकाने आखायचो. जैविक आणि अजैविक. एकात वाघ, गवत, बुरशी; दुसऱ्यात ऊन, पाणी, माती. पैकीच्या पैकी गुण मिळायचे. पण ‘माती’ हा शब्द दुसऱ्या रकान्यात लिहिताना गांडुळांना आणि कुजलेल्या पाल्याला कुणी विचारलं होतं? शिवाय त्या वहीत ‘केव्हा’ हा रकाना नव्हताच.

आता शके 848 मध्ये या, म्हणजे इसवी सन 926. बर्फ कधीचंच वितळलंय, समुद्र आजच्या जागी आलाय. चिंचणीला सापडलेला ताम्रपट याच सालचा. त्यातून कळतं, की राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार मधुमती नावाच्या मुस्लिम अधिकाऱ्याकडे दिला होता. मधुमती म्हणजे मुहम्मद. त्यानं दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या आणि अन्नछत्र उघडलं. नावेचं महत्त्व इथल्या खाडीत उतरल्यावर कळतं. उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं. ओहोटीला तेवढंच उतरतं आणि मागं गुडघाभर चिखल ठेवून जातं.

त्या चिखलात पाय घाला. समोरच्या तिवराचं एक पान तोडा, उलटं करा, जिभेला लावा. खारट. झाड मुळांवाटे आलेलं मीठ पानातून बाहेर टाकतंय. बुडाशी पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून वर आलीत, कारण खाली हवा पोचत नाही. या मुळांच्या गर्दीत भरतीचं पाणी मंदावतं आणि त्यातला गाळ खाली बसतो. गाळ साचला की जमीन वर येते. पुरेशी वर आली की भरती तिथवर रोज पोचत नाही, आणि मग तिवराला तिथं करमत नाही. निवटी मात्र मजेत आहे. पाणी ओसरलं की ही मासोळी परांवर उड्या मारत चिखलभर चरते आणि भरती आली की बिळात शिरते. तिला घड्याळ लागत नाही.

पुढचा टप्पा एकोणिसाव्या शतकातला, वैशाखातला. भाताच्या दाढीवर फांद्या, पाला, शेण आणि वर माती असा थर रचून वारली घरधनी राब भाजतोय. तणाचं बी जळतं, राख खत होते. पण हे सगळं पहिल्या पावसाच्या आत उरकायला हवं. वनखात्याला यात दिसते फक्त झाडांची तोड. ठाणे जिल्ह्यातल्या तक्रारी इतक्या वाढतात, की 1880च्या दशकात मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागतो. गंमत अशी, की 1864 पासून याच भागातून रेल्वे धावतेय आणि त्याच जंगलातला साग भरभरून मुंबईकडे जातोय. त्या तोडीची झळ वारल्याच्या राबापेक्षा कितीतरी मोठी होती, असं माझं मत.

साग गेला. उतारावरची पातळ मुरमाड माती उघडी पडली आणि तिथं गवत आलं. हे गवत नीट पाहायचं असेल, तर ऑक्टोबर 1945 मध्ये तळवाड्याच्या वाटेला लागा.

पावसाळा नुकताच सरलाय. गवत छातीएवढं. वारा आला की माळ एका बाजूला कलतो. हे गवत विकलं जाणार, मुंबईच्या तबेल्यांत म्हशींपुढे पडणार. पण एक अट आहे. गवत ओलं असताना कापून रचलं, तर गंजी तापते आणि सडते. उशीर केला, तर बी झडून जातं, काड्या राठ होतात आणि म्हैस तोंड लावत नाही. मधले काही आठवडे तेवढे कामाचे. कंत्राटदाराला हे माहीत आहे. वारल्यांना तर पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. फरक एवढाच, की यंदा ते विळे खाली ठेवून बसलेत.

मे महिन्यात झरीच्या सभेत त्यांनी वेठ नाकारली होती. लग्नापुरतं कर्ज काढून जन्मभर राबणारे लग्नगडी मालकाच्या वाड्यातून बाहेर पडले होते. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. आता मागणी 500 पौंड गवताला अडीच रुपयांची. संपाला यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता: रोज उगवणारं ऊन मालकाच्या मालाचा भाव उतरवत होतं. 10 ऑक्टोबरला तळवाड्याला जमलेल्या हजारोंवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. दर मात्र मिळाला. या लढ्याची कारणं शोषणात होती, गवतात नव्हे, हे उघड आहे. तरीही हाच संप आषाढात झाला असता तर मालक निवांत बसला असता.

गवताकडून बागेकडे. घोलवडचा चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला, इथं तो पारशी-इराणी बागायतदारांच्या हाताखाली रुळला. डहाणू घोलवड चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दमट खारा वारा त्याला मानवतो. पण पावसाची झड लांबली आणि बागेत हवा कोंडली, की फायटोप्थोराची कूज फळांवर चढते. झाडाखाली कुजक्या चिकूंचा सडा पडतो. वर्षाचा एकूण पाऊस सरासरीइतकाच भरला, एवढ्यावर बागायतदाराचं समाधान होत नाही. तो विचारतो, उघडीप कधी मिळाली?

आणि आता वाणगाव, आजचं, जानेवारीतलं. मिरचीच्या शेडनेटमध्ये सकाळी सातला शिरा. पानांवर दहिवर. एक शेंडा हातात घ्या: पानं वरच्या बाजूला वळलीत, होडीसारखी.

“काका, हे काय झालं?”

“बोकड्या.”

शेतकरी पान उलटून दाखवतो. शिरेच्या कडेला फुलकिडे, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारे. कोरडी हवा पडली, दिवसाचं ऊन वाढलं, की यांची वीण वाढते; पाऊस असता तर बरेचसे धुऊन गेले असते. पण उन्हाळ्यापर्यंत तोडा चालतो तोही याच कोरड्या ऋतूच्या आणि सूर्या प्रकल्पाच्या कालव्यांच्या जिवावर. धामणीच्या धरणात पावसाळा साठवून ठेवला आणि तो मिरचीला पुरवला. म्हणजे पिकाला वेळ मिळाला आणि किडीलाही. त्याच सूर्या नदीतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी दिवसाला 403 दशलक्ष लिटरची योजना आखली गेली. शहराला पाणी बारा महिने लागतं, मिरचीला ठरावीक पाळ्यांनी.

20 जून 1991 रोजी केंद्र सरकारनं वाणगावसह सारा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. 1996 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. 1998 मध्ये या प्राधिकरणानं वाढवण बंदराला नकार दिला. 2023 मध्ये, धर्माधिकारी हयात नसताना, त्याच प्राधिकरणानं अटी घालून होकार दिला. 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. समुद्रात 1,448 हेक्टरांचा भराव व्हायचा आहे. भराव पडला की भरती-ओहोटीची ओढ बदलते. ओढ मंदावते तिथं गाळ बसतो, वाढते तिथं किनारा खाल्ला जातो. तिवर आणि निवटी गाळामागे जातील. कालवं फोडणाऱ्या बायांना खडक लागतो, आणि खडक जागचा हलत नाही.

वाढवणचे हे खडक पाहायचे असतील, तर अमावास्या किंवा पौर्णिमा धरून या. त्या दिवसांत भरती दुपारी असते, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. सकाळची गाठायची तर आदल्या रात्री वाणगावला मुक्काम करा.