फाळके यांचे चमत्कारपट

दादासाहेब फाळके (1870–1944) यांनी कॅमेऱ्याच्या क्लृप्त्या वापरून स्वप्न, भास व दैवी लीला पडद्यावर साकारणारे मूकपट. अशा चित्रपटांचा पाया फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस (1861–1938) यांनी घातला. 1902 मध्ये त्यांनी पडद्यावर चंद्राची सफर घडवली. दोघेही मूळचे जादूगार. फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या उलटवलेल्या आडनावाने जादूचे प्रयोग करीत. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि रोपाची वाढ थोड्या थोड्या अवकाशाने टिपून पहिली करामत केली.

‘लंकादहन’ (1917) मध्ये अण्णा साळुंके राम व सीता दोन्ही झाले. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या ‘श्रीकृष्णजन्म’ (1918) मधील कंसाचा भास मात्र सर्वांत विलक्षण: त्याचे शिर धडावेगळे होऊन वर तरंगते. एकाच फितीवर दोनदा चित्रण करून साधलेले हे दृश्य आजही अंगावर काटा आणते. ‘कालियामर्दन’ (1919) च्या आरंभी फाळके यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी आधी स्वतःच्या रूपात दिसते, नाना भाव दाखवते, आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. प्रेक्षकाला आधी कलावंताची ओळख करून देऊन मग मायेत नेणारी ही सुरुवात फाळक्यांच्या प्रतिभेची खरी खूण मानावी लागते.

मेलिएस यांची माया विनोद व कल्पनाविलासाकडे झुकते, फाळक्यांची भक्तीकडे. पुराणकथा घरोघरी ठाऊक असल्याने प्रेक्षक चमत्काराला हात जोडत. बोलपटांच्या आगमनानंतर फाळके मागे पडले. नाशिक येथे त्यांचे निधन झाले.