मैदान कुणाचं? घोड्यांचं की क्रिकेटचं?

आमच्या नवी मुंबईत क्रिकेट खेळायचं म्हटलं की टर्फ तासावर बुक करायचं आणि सगळ्यांनी काँट्री काढायची. म्हणून आज मैदानावरच्या एका जुन्या भांडणाची गोष्ट.

१८७५ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानात बॉम्बे जिमखाना उभा राहिला. सदस्य फक्त युरोपियन. बाहेरच्या मोकळ्या जागेत पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची. साहेबांनी नेमका तिथेच पोलो सुरू केला. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची, मग चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. जिमखान्याच्या स्वतःच्या क्रिकेट मैदानावर मात्र पोलो नाही!

१८८१ मध्ये शेकडो खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज दिला. पोलो हलला, पण थोड्याच काळात परत आला. हे सगळं शापूरजी सोराबजींनी १८९७ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय.

आणि गंमत बघा. १८९० मध्ये पारशी संघाने जिमखान्याच्याच मैदानावर व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला चार गडी राखून हरवलं.

मरीन लाइन्सला समुद्राकाठी पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने झाले. जागा मिळाली, पण धर्माप्रमाणे वाटून.

मला वाटतं, मैदान आपोआप मोकळं राहत नाही. त्यासाठी कुणाला तरी सह्या गोळा कराव्या लागतात. तुमच्या सेक्टरमधलं मैदान संध्याकाळी कुणासाठी उघडं असतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!