मुंबई बंदर ते स्टॅनफर्ड : रामन यांच्या प्रकाशाची गोष्ट

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असलो की एखाद्या काकू विचारतातच, "तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? कॅन्सर लवकर दिसेल असं काही निघालं का हो?" उत्तर रांगेत मावत नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

सप्टेंबर १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' बोटीने विलायतेहून परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा मानीत. रामन यांनी डेकवर निकोल प्रिझम डोळ्याला लावून ते प्रतिबिंब वगळले, तरी पाणी निळेच! त्याविषयी 'नेचर'ला लिहिलेल्या पत्रावर ठिकाण आहे मुंबई बंदर. पुढे १९२८ मध्ये कलकत्त्यास कृष्णन यांच्यासह त्यांनी दाखवले की विखुरलेल्या प्रकाशातला किंचित भाग रंग बदलून येतो. हा बदल प्रत्येक रेणूचा निराळा, अंगठ्याच्या ठशासारखा.

अडचण एवढीच, की असा प्रकाशकण कोटीत एखादा. १९७४ मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे खडबडीत चांदीवरच्या पिरिडीनचा ठसा भलताच ठळक मिळाला. धातूमुळे तो लाखो पटींनी वाढतो, हे १९७७ मध्ये उमगले. (सराफांखालोखाल चांदीचे कौतुक आम्हा रसायनवाल्यांनाच!)

आता आपल्या शेजारी येऊ. स्टॅनफर्डला अंबाल्यात जन्मलेले डॉ. संजीव गंभीर यांच्या प्रयोगशाळेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरले : वर ठसा देणाऱ्या रेणूंचा थर, त्यावर सिलिकाचे कवच. २००९ मध्ये जिवंत उंदराच्या कातडीखाली असे दहा प्रकारचे कण वेगवेगळे ओळखता आले. २०१२ मध्ये उंदराच्या मेंदूतली गाठ काढताना डोळ्यांना न दिसणारे अवशेष या कणांनी दाखवले. ती गाठ ग्लायोब्लास्टोमा जातीची. त्याच रोगाने २०१५ मध्ये डॉ. गंभीर यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. २०२० मध्ये ते स्वतःही कॅन्सरनेच गेले. हे लिहिताना आमचाही हात थबकला.

तेव्हा काकू, निघाले आहे, पण मुख्यतः उंदरांत. शिरेतून दिलेले कण बरेचसे यकृतात साठतात, म्हणून माणसाला ते देताना घाई करून चालत नाही. सोन्याशिवायचे काम मात्र माणसांपर्यंत पोचले आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमधील शास्त्रज्ञांनी २०१२ च्या सुमारास गालाच्या आतल्या बाजूस नुसता लेसर टाकून निरोगी, कॅन्सरपूर्व आणि कॅन्सरग्रस्त भाग वेगळे ओळखण्याचे प्रयोग केले. तुकडा काढावा लागत नाही. तंबाखू मळणारे आपल्या प्रत्येकाच्या गावी कुणी ना कुणी आहेच.