शिरूरची कबर आणि कोरेगावची नावे

माझे माहेर शिरूरचे आणि सासर दौंडचे. लहानपणी गोऱ्या लोकांच्या कबरस्तानाकडून जाताना आजी हात जोडी. साहेबाला कसले हात जोडायचे, असे मी विचारी. “सत्पुरुष आहे तो,” एवढेच ती म्हणे.

पुढे वाचनात आले की, हा सत्पुरुष म्हणजे कर्नल विल्यम वॉलेस. १८०३ साली असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या हाताखाली लढला आणि १८०९ साली शिरूरच्या छावणीत वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात नोंद आहे की, सुगीला गावकरी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर नेत. परक्या शिपाईगड्याला देवपण देणारी आपली माणसे! मला तर याचे कौतुकच वाटते.

पण त्याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनबरोबर जे निघाले, त्यांचे काय? पायदळाचे सुमारे ५०० शिपाई, तीनशेच्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा. रात्रभर चालून सकाळी कोरेगावी पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. भीमा डोळ्यांसमोर, आणि दिवसभर पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही! मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून २७५. उरलेले जखमींना घेऊन शिरूरला परतले. कोणाचा पक्ष खरा, हा वाद मी येथे काढीत नाही. या मातीतली माणसे दोन्हीकडे होती.

या शिपायांची कबर शिरूरला मी पाहिली नाही. कोरेगावच्या स्तंभावर मात्र ४९ नावे आहेत. त्यांतली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. आणि १८९० नंतर त्याच महारांना फौजेची दारे बंद झाली! शिवराम जानबा कांबळे यांना १९१० साली त्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभापाशी आले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

गेल्या वर्षी तेथे उभी राहून मी ती नावे मोठ्याने वाचली. नावे आहेत, गावे नाहीत. परतलेल्यांत आपला माणूस शोधणाऱ्या बायकांची तर नावेही नाहीत.

शिरूर-दौंडकडे कोणाच्या घरी जुने पदक, पेन्शनचा कागद, निदान आजीने सांगितलेले एखादे नाव असेल, तर मंडळात अवश्य आणावे. मी वही घालून ठेवली आहे.