कोकण रेल्वे : एका महामंडळाची पस्तीस वर्षे

रेल्वे कोणाच्या पैशाने झाली, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. पहिली गाडी कधी धावली, उद्घाटनास कोण आले होते, याच्या नोंदी हौसेने होतात. पैसा मात्र ‘सरकारचा’ असे गृहीत धरून आपण पुढे जातो. वास्तविक या देशात रेल्वेचा पैसा नाना वाटांनी आलेला आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू करणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीस भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती, आणि ती हमी पुरी करावयाची ती येथील महसुलातून. मार्मागोव्याहून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत जाणारा मार्ग लंडनच्या कंपनीने पोर्तुगीज सरकारच्या हमीवर बांधला. इंदूरकरांस तर सांगावयास नको, की दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने इंग्रज सरकारास कर्जाऊ दिले, तेव्हा खांडव्याहून इंदूरकडे रूळ वळले. बडोद्यास खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई-मियागाम ही अरुंद रुळांची गाडी संस्थानच्या खर्चाने घातली. आरंभी ती बैल ओढीत. थोडक्यात, ज्याला रेल्वे हवी त्याने पैशाची तजवीज करावी, असा रिवाज होता. कोकणात अशी तजवीज करणारे कोणी नव्हते.

देशावर कापूस होता, म्हणून १८६३ पर्यंत बोरघाट फोडून रूळ वर गेले. कोकणात भात, नारळ, मासळी आणि मुंबईस चाकरीला जाणारी माणसे. यांतले काहीच आगगाडीचे पोट भरण्यासारखे नाही, असा हिशेब झाला. शिवाय किनाऱ्याने आगबोटी होत्या. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करीत त्या पणजीस पोहोचत. पावसाळ्यात वाहतूक बंद. गोव्याहून मुंबईस रेल्वेनेच जावयाचे तर लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे असा देशावरून वळसा. आमच्या वाचकांपैकी ज्यांची कुलदैवते गोव्यात वा तळकोकणात आहेत आणि घरे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरीस, त्यांच्या मागच्या पिढीस देवदर्शन म्हणजे मिरजेस मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत सामान चढवणे, हे ठाऊक असे.

स्वातंत्र्यानंतर मागणीला जोर आला. अ. ब. वालावलकर यांनी या मार्गाचा ध्यास घेतला. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूरचे खासदार होते. वेंगुर्ल्याचे असूनही बेळगावशी त्यांचे नाते इतके घट्ट, की १९७१ च्या जानेवारीत त्यांचा अंतही बेळगावातच झाला. त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून मधू दंडवते निवडून येत राहिले. कोकण रेल्वेचा विषय या दोघांनी लोकसभेत विझू दिला नाही. तरी प्रत्यक्ष काम किती? दिव्याहून निघालेला मार्ग १९६० च्या दशकात पनवेल-आपट्यापर्यंत आला आणि रोह्यास पोहोचावयास १९८६ उजाडले. दंडवते स्वतः १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. त्यांच्या हातूनही हे घडले नाही, यातच अडचणीचे स्वरूप कळते. रेल्वे खात्याच्या वार्षिक तरतुदीतून देशभरच्या मार्गांना वाटणी करता करता कोकणाच्या वाट्यास जे येई त्यातून वर्षाला चार-दोन मैल पुढे सरकता आले असते.

१९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंहांचे मंत्रिमंडळ आले आणि योग जुळला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे, अर्थमंत्री दंडवते, नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. तिघांचाही पश्चिम किनाऱ्याशी संबंध. हे सरकार वर्षभरही टिकले नाही, पण तेवढ्यात काम मार्गी लागले. ‘खात्याकडे पैसा नाही ना? मग खात्याबाहेर काढू,’ ही त्यामागची युक्ती. १९ जुलै १९९० रोजी कंपनी कायद्याखाली कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. केरळात या मार्गाचा एक मैलही नाही, तरी त्याने पैसा दिला. कारण मुंबईस येणाऱ्या मल्याळी माणसाचा वळसा वाचणार होता. उरलेली मोठी रक्कम करमुक्त रोखे काढून लोकांकडून उभारावयाची, मार्ग बांधून चालवावयाचा, कर्ज फेडावयाचे आणि मग तो भारतीय रेल्वेच्या स्वाधीन करावयाचा, अशी मूळ कल्पना होती. रेल्वे मंडळातून त्याच सुमारास निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांना अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक नेमण्यात आले. १५ सप्टेंबरला रोह्यास पायाभरणी झाली.

महामंडळाची खरी कमाई आम्हांस येथे दिसते. निर्णयासाठी फायली दिल्लीस पाठवाव्या लागत नव्हत्या. मार्गाचे विभाग पाडून प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला गेला आणि त्याला अधिकार देण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यावयाची होती. कोकणातील जमिनीचे तुकडे, भाऊबंदकीची खाती, निम्मे खातेदार मुंबईस, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच या कामाची कल्पना येईल. ते काम अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन, घरात बसून बोलणी करून, मोठ्या प्रमाणात वर्षभरात उरकले. सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे, त्यांची एकूण लांबी ८४ किलोमीटरांच्या घरात. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरांचा. बोगदे फोडण्यासाठी स्वीडनहून यंत्रे आणली गेली. पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच उभा आहे. मार्च १९९३ मध्ये दक्षिण टोकाला ठोकूर-उडुपी हा पहिला टप्पा खुला झाला.

गोव्यात मात्र प्रकरण निराळे झाले. आखलेला मार्ग पेडण्याहून थिवी, करमळी, वेर्णे, मडगाव असा दाट वस्तीच्या पट्ट्यातून जात होता. विरोधकांचे म्हणणे असे, की मांडवी-जुवारीच्या काठची खाजने ही पिढ्यान् पिढ्या बांध घालून, मानशींनी खारे पाणी अडवून राखलेली शेती आहे. भराव घातला की पाण्याची वाट मोडेल. करमळीचे तळे आणि जुन्या गोव्याची चर्चे मार्गाजवळ येतात, हाही आक्षेप होता. मार्ग पूर्वेकडून, आतल्या तालुक्यांतून न्यावा, अशी त्यांची मागणी होती. गोवा फाउंडेशनची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये फेटाळली. तरी आंदोलन थांबले नाही, आणि १९९३ मध्ये केंद्राने गोव्यातील काम काही काळ रोखून न्यायमूर्ती ओझा यांना चौकशी सांगितली. अखेर मूळ आखणीच कायम राहिली. त्या काळी आपल्या मराठी मंडळींत या विरोधाकडे केवळ रेल्वेद्वेष, किंबहुना धर्मभेद म्हणून पाहण्याची चाल होती. आज शांतपणे पाहता ते न्याय्य वाटत नाही. खाजनांचा प्रश्न खरा होता, आणि तो विचारणाऱ्यांत सर्व समाजांचे शेतकरी होते. उलट, मार्ग आत न्यावा म्हणणाऱ्यांनीही आतल्या डोंगररानांचे काय होईल, याचा हिशेब पुरेसा मांडला नव्हता, असे आमचे मत आहे.

निसर्गाने स्वतःचा विरोध पेडण्याच्या बोगद्यात नोंदवला. दीड किलोमीटरचा हा बोगदा. करबुड्याच्या मानाने अगदी किरकोळ. पण तेथे खडक नव्हता. जांभ्याखाली पाण्याने भरलेली चिकणमाती, खणावे तो वरून पुन्हा भरून येणारी. छत पुनःपुन्हा कोसळले, कामगार गाडले गेले. साडेसहा किलोमीटर खडक फोडून झाला तरी ही माती हटेना. सर्व मार्ग दोन्ही बाजूंनी तयार होऊन पेडण्यासाठी खोळंबून राहिला. ते संपले तेव्हा २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग सलग झाला, आणि १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तो राष्ट्रास अर्पण केला. या कामात सत्तरहून अधिक माणसे दगावली. त्यांचे स्मारक रत्नागिरीस आहे. गाडी तेथे थांबते, पण ते पाहण्यास उतरणारे थोडे.

खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर गेला होता, आणि कर्जाचे व्याज थांबणार नव्हते. प्रवासी भाडे आकारताना अंतर प्रत्यक्षाहून जास्त धरण्याची मुभा महामंडळास मिळाली, ती या व्याजापायी. म्हणजे गणपतीला गावी जाणारा चाकरमानी दर मैलामागे इतर प्रवाशांपेक्षा थोडे अधिक मोजीत होता आणि आपल्याच रेल्वेचे कर्ज फेडीत होता. मालवाहतूक अपेक्षेइतकी आली नाही; किनाऱ्यावर तसे कारखानेच नव्हते. तेव्हा २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णे भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. घाटांतून रात्रभर ट्रक हाकणाऱ्या चालकाला गाडीवर निजण्याची सोय, आणि महामंडळाला दोन पैसे. आमच्या मते महामंडळाच्या डोक्यातून निघालेली ही सर्वांत शहाणी कल्पना होय.

पावसाने मग हिशेब चुकता केला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ डोंगर कापून केलेल्या वाटेत दरड कोसळून कारवारहून मुंबईस निघालेली गाडी तीवर आदळली. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास गेला. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाडजवळ करंजाडी येथे मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरून पुन्हा बळी गेले. उभ्या कापलेल्या कडा आठ वर्षांत बांधून काढण्याच्या घाईत तशाच राहिल्या होत्या, ही टीका खोटी नव्हती. त्यानंतर कडांचे उतार सौम्य करण्यात आले, सैल धोंडे उतरवले, लोखंडी जाळ्या बसवल्या; पावसात अहोरात्र गस्त आणि गाड्यांचा वेग कमी ठेवणारे पावसाळी वेळापत्रक, ही रीत पडली. पेडण्याचा बोगदा मात्र अजून आपला स्वभाव सोडीत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी फुटले. २०२० मध्ये गाड्या वळवाव्या लागल्या त्या लोंढा-मिरजेवरून, म्हणजे आजोबांच्याच वाटेने.

२०२२ मध्ये सबंध मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. रोहा ते वीर एवढाच भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे एकेरी रूळच. दुहेरीकरणास हजारो कोटी लागतात, आणि ज्या युक्तीने रेल्वे झाली तीच येथे आडवी आली. महामंडळ रेल्वे खात्याबाहेर, म्हणून खात्याच्या अर्थसंकल्पातील तरतूद त्यास सहज मिळत नाही. नवे कर्ज काढावे तर जुन्याचा अनुभव ताजा. गंमत अशी, की याच महामंडळाच्या अभियंत्यांनी काश्मीरच्या मार्गावर चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीचा पूल उभारला, जो ६ जून २०२५ रोजी खुला झाला. कोकणातील मातीने शिकवलेले तेथे कामास आले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. अटी दोन घातल्या : राज्याने घातलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत, आणि विलीनीकरणानंतरही मार्गाचे नाव ‘कोकण रेल्वे’ हेच राहावे.