एक दिवाणखाना, अनेक गिऱ्हाइके : ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर

१/ १९५०च्या दशकात अमेरिकी जॅझच्या अनेक गाजलेल्या तबकड्या न्यूयॉर्कच्या भव्य स्टुडिओत नव्हे, तर शेजारच्या न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक गावी, एका राहत्या घराच्या दिवाणखान्यात मुद्रित झाल्या. ध्वनिमुद्रक होते रूडी व्हॅन गेल्डर (१९२४–२०१६). ते कोणत्याही रेकॉर्ड कंपनीचे नोकर नव्हते. तरीही परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या त्यांच्याच दारी येत राहिल्या. हे कसे घडले?

२/ व्हॅन गेल्डर पेशाने ऑप्टोमेट्रिस्ट. दिवसा डोळे तपासावेत, चश्म्याचे नंबर काढावेत आणि मिळकत ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवर खर्च करावी, असा त्यांचा क्रम होता. आई-वडिलांनी नवे घर बांधले, तेव्हा दिवाणखान्यालगत काचेची खिडकी असलेला नियंत्रण कक्ष त्यांनी आग्रहाने करून घेतला.

३/ १९५३च्या सुमारास ‘ब्लू नोट’ कंपनीचे आल्फ्रेड लायन यांनी गिल मेले या वादकाचे एक मुद्रण ऐकले. असाच आवाज हवा, म्हणून ते आपल्या नेहमीच्या ध्वनिमुद्रकाकडे गेले. त्याने प्रांजळ उत्तर दिले : हे मला जमणार नाही, ज्याने केले त्याच्याकडेच जा. लायन हॅकेन्सॅकला पोहोचले आणि पुढे अनेक वर्षे येत राहिले. जाहिरातीचे काम आधीच्या कामानेच केले होते.

४/ गिऱ्हाइके मात्र एकसारखी नव्हती. लायन वादकांना तालमीचेही पैसे देत आणि कोणता आवाज हवा हे नेमके जाणत. ‘प्रेस्टीज’चे बॉब वाइनस्टॉक यांना तालमीपेक्षा उत्स्फूर्त वादन पसंत होते, त्यात खर्चही कमी येई. व्हॅन गेल्डर यांनी कंपन्यांना आठवड्याचे वेगवेगळे वार नेमून दिले आणि प्रत्येकीची गरज स्वतंत्रपणे सांभाळली.

५/ मुद्रणावर काम संपत नसे. छपाईसाठी लागणारी मूळ तबकडीही ते स्वतः कोरत. त्यामुळे निर्मात्याने खोलीत ऐकलेला आवाज ग्राहकाच्या घरापर्यंत नेण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे राही. तबकडीवर कोरलेली ‘आरव्हीजी’ ही आद्याक्षरे संग्राहक आजही शोधतात.

६/ गिऱ्हाइकाचा मान राखणे म्हणजे त्याच्यापुढे नमते घेणे, असे त्यांनी मानले नाही. यंत्रे ते हातमोजे घालून हाताळत. इतरांनी त्यांना हात लावू नये, नियंत्रण कक्षात खाणेपिणे करू नये, हे नियम कडक होते. मायक्रोफोनची मांडणी तर त्यांनी जवळजवळ गुपितच ठेवली.

७/ सर्वच खूश होते असे नाही. चार्ल्स मिंगस यांनी १९६०मध्ये जाहीर तक्रार केली की, हा माणूस वादकाचा मूळ स्वर बदलतो. म्हणून आपण त्याच्याकडे जात नाही. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. जो ठसठशीत आवाज निर्मात्यांना हवाहवासा वाटे, तोच एखाद्या वादकाला परका वाटू शके. पैसे देणारी कंपनी आणि वाजवणारा कलावंत, यांपैकी खरे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न या व्यवसायात मुळापासूनच आहे.

८/ १९५९मध्ये एंगलवुड क्लिफ्स येथे उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला आणि चश्म्यांचा पेशा सुटला. जॉन कोल्ट्रेन यांचे ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजी ‘इम्पल्स’ कंपनीसाठी तेथेच मुद्रित झाले.

९/ दहा-बारा वर्षे दोन पेशे चालवण्याला अनेकदा छंदाची हौस म्हटले जाते. त्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. पोटापाण्याची सोय अन्यत्र असल्याने व्हॅन गेल्डर यांना आपल्या अटींवर ठाम राहता आले. आणि त्या अटींमुळेच कामाचा दर्जा टिकला, जो पाहून गिऱ्हाइके परत येत. थेलोनियस मंक यांनी १९५४मध्ये त्या दिवाणखान्यात वाजवलेल्या एका रचनेचे नाव आहे ‘हॅकेन्सॅक’.