समुद्रतळ रंगवणारा डोंगरी माणूस

शिशाचा गोळा दोरीला बांधून खोल पाण्यात सोडायचा, तळ लागला की दोरी मोजायची. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर हेच केलं. पुढे आवाजाचा प्रतिध्वनी मोजण्याची युक्ती आली आणि गोळा मागे पडला. हे सगळ्या पुस्तकांत आहे. त्यांत सहसा न सापडणारा माणूस म्हणजे हाइनरिश बेरान, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा चित्रकार. आल्प्समध्ये येणाऱ्या पर्यटकांसाठी तो बर्फाळ डोंगरांचे पट रंगवायचा. माझं म्हणणं असं की, समुद्रतळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते या पटांचं सख्खं भावंड आहे.

धागा न्यूयॉर्कजवळून धरू. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेत मेरी थार्प बोटींनी आणलेले खोलीचे आकडे कागदावर मांडत असे. बायकांना बोटीवर नेत नसत. अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर तिला सलग खाच दिसली. सहकारी ब्रूस हीझनने ती बायकी बडबड म्हणून उडवून लावली. मग शेजारच्या टेबलावर मांडलेली भूकंपांची केंद्रं नेमकी त्या खाचेत पडली, तेव्हा त्याने ऐकलं. ही गोष्ट आता बरीच गाजली आहे. मला कुतूहल आहे ते त्यांच्या १९५७च्या नकाशाच्या तऱ्हेचं.

त्यात समोच्चरेषा, म्हणजे सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, नाहीत. विमानातून दिसावेत तसे शाईने काढलेले डोंगर आहेत. रूढ उत्तर असं: अमेरिकी नौदलाने खोलीचे आकडे गुप्त ठरवले होते, म्हणून रेषा छापता येईनात. खुद्द थार्पनेही हेच सांगितलं आहे. मला ते अर्धंच पटतं. रेषांना आकडे दाट लागतात, आणि इथे दोन बोटींच्या वाटांमधली जागा कोरी. रेषा चुकली तर पकडली जाते, चित्र खपून जातं. कोऱ्या जागी जलपऱ्या आणि बुडालेली जहाजं काढावीत असं थार्पच्या मनात होतं. हीझनने मोडता घातला. बंदी नसती तरी त्यांना बहुधा हीच तऱ्हा घ्यावी लागली असती, असं मला वाटतं. ती त्यांची स्वतःचीही नव्हे. कोलंबियाचेच प्राध्यापक आर्मिन लोबेक जमिनीची अशी चित्रं काढत.

मग बेरान आला. 'नॅशनल जिऑग्राफिक'ला त्याच्या मुलीने म्हणे पत्र लिहिलं, की तुमच्यापेक्षा माझे बाबा छान रंगवतात. १९६७ साली त्या मासिकाने हिंदी महासागराचा तळ छापला: मांडणी थार्प-हीझनची, कुंचला बेरानचा. आपल्या अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग त्यात आहे (डॅनिश मोहिमेने दिलेलं हे नाव थेट बिअरवाल्यांच्या प्रतिष्ठानाचं).  

तो नकाशा नीट पाहा. शिखरांवर ऊन पडलंय, मागे सावल्या आहेत. जिथे उजेडाचा कण पोचत नाही तिथे! उंचीही कित्येक पटींनी ताणलेली. खऱ्या रांगांचे बरेचसे उतार सायकलवर चढता येतील इतके सौम्य. कुणी म्हणेल, टोकदार शिखरं थार्पच्या शाईतच होती, बेरानने नुसता रंग भरला. कबूल. पण शाईचा नकाशा अभ्यासकांच्या टेबलावर राहिला, उन्हातला घराघरांत गेला.

१९७७ साली साऱ्या जगाच्या समुद्रतळाचा पट पुरा झाला. त्याच वर्षी हीझन आइसलंडजवळ पाणबुडीत असताना वारला. बेरान पुन्हा जमिनीवर आला. त्याने यलोस्टोन, योसेमिटी ही अमेरिकी उद्यानं रंगवली. त्यांतले डोंगर मला समुद्रतळासारखे दिसतात, पण हे जरा ओढूनताणूनच झालं.